मेक्सिकन म्हणजे नेमके कुठले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला जगभरच्या पोळ्या-भाकऱ्यांवरचा लेख आवडीने वाचला. मेक्सिकोच्या वाट्याला त्यात एकच वाक्य आले होते: तिथले लोक मक्याची टॉर्टिया खातात. बाकीच्या देशांबद्दल लेखकाने मेहनत घेतली आहे, म्हणूनच हे वाक्य मला जास्त टोचले. मेक्सिकोच्या वायव्येला सोनोरा नावाचे राज्य आहे. तिथली रोजची टॉर्टिया गव्हाची असते. त्या टॉर्टियासाठी मी गेली कित्येक वर्षे शिकागो पालथे घालते आहे.

मी मूळची जळगावची. लग्नानंतर १९९५ साली ॲरिझोनातल्या टूसॉनला गेले आणि २१ वर्षे तिथेच राहिले. टूसॉनहून मेक्सिकोची हद्द साधारण शंभर किलोमीटर. (मैल न लिहिता किलोमीटर लिहिते, कारण टूसॉन ते हद्दीवरचे नोगालेस या महामार्गावरच्या अंतराच्या पाट्या अमेरिकेत असूनही किलोमीटरच्या आहेत.) हे शहर १८५४ पर्यंत सोनोराचाच भाग होते. गॅड्सडेन करारात अमेरिकेने एक कोटी डॉलर मोजून तो सगळा प्रदेश विकत घेतला. तिथल्या जुन्या घरांतला स्वयंपाक मात्र आजही सोनोराचाच आहे.

आमच्या शेजारच्या आजी सोनोरातल्या माग्दालेना गावच्या. एका सकाळी त्यांच्या मागच्या अंगणात गेले तर त्या 'सोबाकेरा' करत होत्या. कणकेचा छोटा गोळा या हातावरून त्या हातावर झेलायचा, झेलता झेलता वाढवायचा, पार कोपरापर्यंत येऊ द्यायचा आणि मग चुलीवरच्या घुमटासारख्या तव्यावर पसरायचा. स्पॅनिशमध्ये सोबाको म्हणजे काख. टॉर्टिया हातभर वाढत काखेशी येते म्हणून तिचे नाव सोबाकेरा. मी दारातच थांबले. माझी आई खापरावर मांडे टाकायची तेव्हा तिचे हात अगदी असेच चालायचे. आजींना मी मोडक्या स्पॅनिशमध्ये ते सांगितले. त्यांनी काही न बोलता एक गोळा माझ्या हातावर ठेवला. माझी पहिली सोबाकेरा फाटली नाही. त्या दिवसापासून आजींच्या घरात मी पाहुणी उरले नाही.

हा गहू तिथे कसा आला तेही सांगते, कारण आपल्या लेखातली उणीव नेमकी इथे आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस एउसेबियो किनो नावाचा जेझुइट धर्मगुरू या वाळवंटी मुलुखात आला आणि त्याने गव्हाचे बी पसरवले. मका थंडीत येत नाही, गहू येतो. तिथल्या मूळच्या ओधाम लोकांना जुने धान्य संपून नवे हाती येईपर्यंतचे दिवस काढायला हे नवे पीक उपयोगी पडले, म्हणून त्यांनी ते आपलेसे केले. 'व्हाइट सोनोरा' नावाचा तो जुना गहू टूसॉनजवळच्या शेतांत आता पुन्हा पिकतो. टूसॉनला २०१५ साली युनेस्कोने खाद्यसंस्कृतीचे शहर म्हणून मान दिला. अमेरिकेतले ते पहिलेच. बातमी आली तेव्हा मी तिथेच होते. आजींना सांगितली, तर त्या म्हणाल्या, "मग आज काल्दो करते."

काल्दो दे केसो, म्हणजे चीजचे पातळ सूप. बटाट्याच्या फोडी, भाजून साल काढलेली लांब हिरवी मिरची, टोमॅटो, कांदा, शेवटी थोडे दूध आणि ताज्या पांढऱ्या चीजचे तुकडे. चीज वितळून जाता कामा नये, वाटीत नुसते मऊ पडायला हवे. बरोबर सोबाकेरा, आणि वरून दोन-तीन चिल्तेपिन बोटांनी चुरडून. चिल्तेपिन म्हणजे मिऱ्याएवढी गोल रानमिरची. पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवत नाही. ते ती खातात आणि बी रानभर पसरवतात. माणसे डोंगरात जाऊन एकेक फळ वेचून आणतात. जिभेवर झणका एकदम उठतो आणि तितक्याच लवकर उतरतो. दुसरी कुठलीही मिरची त्या जागी चालत नाही, मी करून पाहिले आहे.

२०१६ मध्ये यांच्या नोकरीमुळे आम्ही शिकागोला आलो. मनात म्हटले, इथे तर मेक्सिकन वस्ती केवढी मोठी! पहिल्याच शनिवारी पिंक लाइनने अठराव्या रस्त्यावर, पिल्सनला उतरले. भिंतीभिंतींवर चित्रे, टॉर्टियाच्या कारखान्यातून येणारा चुन्याच्या पाण्यात शिजलेल्या मक्याचा वास, हातात गरम पुडके. मक्याची टॉर्टिया इतकी चांगली मी टूसॉनला खाल्ली नव्हती, हे मोकळेपणाने लिहिते. पण गव्हाची मागितली की दुकानदार प्लास्टिकची पिशवी पुढे करायचा. जाड, फुगीर, स्पंजासारखी. दोन बोटांत धरून उजेडापुढे केली तर पलीकडचे काही दिसेना. सोबाकेरातून हाताची सावली दिसते. काल्दो दे केसो विचारले की लोक काल्दो दे पोयो, म्हणजे कोंबडीचे सूप, घ्या म्हणत, नाहीतर चीजची वाटी आणि चिप्स आणून ठेवत.

शहराच्या मध्यभागी एका उपाहारगृहाच्या मेनूकार्डावर 'सोनोरन' हा शब्द दिसला तेव्हा मी यांना फोन करून बोलावून घेतले. सूप आले ते पिवळ्या चीजचे, दाट, आणि त्यात जिरे. जिरे आणि पिवळे चीज ही टेक्सासची रीत झाली. तीही चांगली असते, पण तिच्यावर सोनोराचे नाव का लिहायचे? मला त्या दिवशी खरेच रडू आले.

उलगडा झाला तो सव्विसाव्या रस्त्यावर, ला वियिता या दुसऱ्या मेक्सिकन वस्तीत. टाकोच्या एका छोट्या खानावळीत, टाकेरियात, वाढणाऱ्या काकांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तुमच्या त्या आजी कुठल्या राज्यातल्या?" सोनोरा म्हटल्यावर ते हसले. म्हणाले, "इथे आम्ही सगळे मिचोआकानचे, हालिस्कोचे, ग्वानाह्वातोचे. सोनोरावाले इतक्या लांब कशाला येतील?" खरेच आहे. शंभर वर्षांपूर्वी रेल्वे, पोलाद कारखाने आणि खाटीकखाने यांच्या कामासाठी मेक्सिकोच्या मध्य आणि पश्चिम भागातून माणसे शिकागोला आली. मागाहून त्यांनी आपल्या गावचे नातेवाईक आणले. सोनोराच्या माणसाला ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया जवळ, तो तिकडे गेला. इतके दिवस मी पदार्थाचे नाव घेऊन फिरत होते, आधी माणसांचा गाव विचारायला हवा होता.

त्या काकांनी मला त्यांच्याकडचे कार्नितास खायला घातले. डुकराचे मांस तांब्याच्या मोठ्या कढईत, त्याच्याच चरबीत तासन्‌तास शिजवलेले. मिचोआकानमध्ये सांता क्लारा देल कोब्रे नावाचे तांबटांचेच गाव आहे. युनेस्कोने २०१० मध्ये मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला वारशाचा दर्जा दिला तो याच मिचोआकानचे उदाहरण पुढे ठेवून. आता दर महिन्या-दोन महिन्यांनी रविवारी सकाळी आम्ही तिथे जातो. पण ती त्यांच्या गावची चव. माझ्या मनातली जागा तशीच रिकामी आहे.

घरी प्रयत्न चालू आहेत. बाजारच्या नेहमीच्या पिठाचा गोळा ताणला की रबरासारखा आखडतो. ॲरिझोनाहून टपालाने व्हाइट सोनोराचे पीठ मागवले, चरबी घालून मळले, दोन तास झाकून ठेवले, आणि लोखंडी कढई गॅसवर पालथी घातली. कोपरापर्यंत अजून जात नाही, मनगटाच्या पुढे चार बोटे जाते. चिल्तेपिन मात्र मिळाली. ला वियितातल्या एका वाणसामानाच्या दुकानात, गल्ल्यामागे टांगलेली बोटभर पुडी. दुकानदाराला ती कोण आणून देतो ते माहीत नव्हते. कोणीतरी आणतो, एवढे खरे.

म्हणून दोन विनंत्या. यापुढे मेक्सिकोच्या जेवणावर लिहून घ्याल तेव्हा लेखकाला राज्याचे नाव लिहायला सांगावे. सोनोराची गव्हाची टॉर्टिया आणि मिचोआकानची मक्याची, दोन्ही वाचकांपर्यंत जाव्यात. दुसरी विनंती वाचकांना. शिकागो, सिसेरो, ऑरोरा या बाजूला राहणाऱ्या कोणाच्या शेजारी, कचेरीत, मुलांच्या शाळेत सोनोराचे कुटुंब असेल तर कृपया संपादकांमार्फत कळवावे. हेर्मोसियो, माग्दालेना, कानानेआ, कुठलाही गाव चालेल. मी पीठ घेऊन येईन.

आपली जुनी वाचक,
शिकागो