वैनगंगेच्या रेतीत खर्ऱ्याच्या पन्न्या

मा. संपादक साहेब, नमस्कार,

आमच्याकडे समुद्र नाही पण मार्कंड्याच्या देवस्थानापाशी वैनगंगा नदीची रेती आहे, अन् हिवाळ्यात पाणी उतरलं की पार मधापर्यंत चालत जाता येते. मी रोज सकाळी साडेपाचला दुपट्टा बांधून निघतो, सोबत कचरा वेचायला एक रिकामी चुंगडी (पोतं). थंडी अशी की बोटं वाकत नाहीत, तरी अर्ध्या तासात चुंगडी भरते! सगळ्यात जास्त काय तर खर्ऱ्याच्या (सुपारी-तंबाखू घोटून करतात तो) पन्न्या, इवल्याशा, रेतीत दबलेल्या, एक ओढली की खाली चार निघतात. मग पत्रावळ्या, थर्माकोलच्या प्लेटा, हार भरलेल्या कॅरीबॅगा (निर्माल्य सोडा ना बापा, पन्नी कायले सोडता?). राज्यात प्लास्टिकबंदी 2018 पासून आहे, गुटखाबंदी तर 2012 पासून, अन् पुड्या मात्र मी आजही उचलतोच आहे. बरं, चुंगडी भरली तरी टाकायची कुठं? घाटावर एक डबा नाही, मी घरी आणतो, बायको ओरडते. महाशिवरात्रीची जत्रा येऊन राहिली, त्याच्या आधी निदान चार ड्रम अन् कचरा उचलणारी एक गाडी लावा, एवढं छापा साहेब.

एक वाचक, ता. चामोर्शी, जि. गडचिरोली