नावामागचा माणूसही कळू द्या

भवानी पेठेतल्या जनरल अरुणकुमार वैद्य स्टेडियमवर भाच्याला सोडायला गेले होते. ‘मावशी, हे वैद्य कोण गं?’ त्याने विचारलं. आसपासच्या पाच-सहा मुलांनाही सांगता येईना. जीव कळवळला.

अलिबागला जन्मलेल्या या सेनानीला महावीर चक्र दोनदा मिळालं. १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरला ते डेक्कन हॉर्स या रणगाडा पलटणीचे प्रमुख होते. हाताशी दुसऱ्या महायुद्धातले शर्मन रणगाडे, समोर पाकिस्तानचे अधिक आधुनिक पॅटन रणगाडे. तरी त्यांच्या पलटणीने शत्रूला रोखलं. १९७१ मध्ये शकरगड भागात ते चिलखती ब्रिगेडचे ब्रिगेडियर होते. बसंतर नदीपलीकडे सुरुंग पेरलेले होते. वाट पुरती मोकळी होण्याआधीच, रात्री, रणगाडे पार गेले. त्यांत पूना हॉर्सही होती, हे पुणेकरांनी तरी विसरू नये. पुढे ते लष्करप्रमुख झाले. निवृत्तीनंतर ते पुण्यातच राहिले आणि १० ऑगस्ट १९८६ रोजी इथेच अतिरेक्यांच्या गोळ्यांना बळी पडले.

स्टेडियमच्या दाराशी, मुलांच्या नजरेच्या उंचीवर, एवढा मजकूर मराठीत ठळक लिहावा, ही महापालिकेला कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे