पाणी कुणाच्या नकाशात आहे? नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

मी भांडुपला राहतो. इथे परवडेना म्हणून धाकट्या भावाने सहा वर्षांपूर्वी कल्याणच्या पलीकडे घर घेतले. जाहिरातीत स्टेशन दहा मिनिटांवर होते, रिक्षाला अर्धा तास लागतो. ते एक सोडून देऊ. पण इमारतीला ओसी, म्हणजे राहण्याचा परवाना, मिळाली तरी पाणी अजून टँकरचेच आहे. परवानगी देणारे म्हणतात, पाणी आमच्या हातात नाही. पाणी देणारे म्हणतात, एवढ्या इमारती उठणार हे आम्हाला विचारले कुणी? दोघेही खरेच बोलतात, म्हणून तर हे पत्र.

मुंबई महानगर प्रदेशात ९ महापालिका आहेत. शिवाय नगरपालिका, ग्रामपंचायती आणि सिडको, एमआयडीसी, एमएसआरडीसी अशी आपापल्या भागाची नियोजन प्राधिकरणे. प्रत्येकाचा आराखडा आपल्या हद्दीपाशी संपतो. उल्हास नदीला हद्द कळत नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना बोटींतून काढावे लागले, तेव्हा ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. कल्याण-डोंबिवलीलगतची २७ गावे घ्या. १९८३ मध्ये महापालिकेत, २००२ मध्ये बाहेर, २०१५ मध्ये पुन्हा आत. गावे आतबाहेर होत राहिली, मजले मात्र चढतच होते.

प्रादेशिक आराखडा आहे की, असे आपले अधिकारी सांगतील. आहे. पहिला १९७३ मध्ये मंजूर झाला, दुसरा १९९९ मध्ये, तिसरा २०२१ मध्ये. नोकऱ्या दक्षिण मुंबईबाहेर न्यायच्या म्हणून वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी) उभे राहिले; नोकरी निघाली आणि वांद्र्यालाच उतरली. माणसे पार पुढे गेली. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या घटली, आणि तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची ३६ टक्क्यांनी वाढून १ कोटी १० लाखांवर गेली. त्यांच्यासाठी लोकल तीच, दारात लटकणेही तेच.

या सगळ्यांना एका टेबलाशी बसवण्याची सोय राज्यघटनेतच आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने कलम २४३ झेडई आणले: महानगर नियोजन समिती. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवकांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडायचे. राज्याने १९९९ मध्ये तसा कायदाही केला. पण कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली, मुंबईची मार्च २०२२ मध्ये, आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकांपर्यंत कारभार प्रशासकांकडे राहिला. नगरसेवकच नव्हते, तर समितीवर निवडून जाणार कोण होते? (मतदारयादीत नाव असल्याचे समाधान तेवढे आम्हाला मिळत राहिले.)

आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये उरण, पनवेल, पेणमधल्या १२४ गावांसाठी, म्हणजे 'तिसऱ्या मुंबई'साठी, एमएमआरडीएला (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) नवनगर विकास प्राधिकरण नेमले गेले. अटल सेतू झाला, विमानतळ झाला, जमिनीचे भाव चढले, हे कळते. पण पाणी कुठले? हेटवणे धरणाचे पाणी आधीच सिडकोच्या भागाला जाते. पेणच्या शेतकऱ्याने गुंठ्यागुंठ्याने जमीन विकून झाल्यावर हा प्रश्न विचारायचा का?

माझी मागणी मोठी नाही. ही महानगर नियोजन समिती कामाला लावा, तिच्या बैठकांचे इतिवृत्त लोकांना वाचू द्या आणि तिसऱ्या मुंबईचा आराखडा आधी तिच्यापुढे ठेवा. तोवर मोठ्या गृहप्रकल्पाला बांधकाम परवानगी देताना फाइलमध्ये दोन कागद सक्तीचे करा: पाणी कोणत्या धरणातून आणि कोणत्या वर्षी येणार याचे लेखी पत्र, आणि जवळच्या स्टेशनवर गर्दीच्या वेळी किती गाड्या थांबतात याचा रेल्वेचा दाखला. बिल्डर कुरकुरतील. माझा भाऊ गेली सहा वर्षे कुरकुरतोच आहे, त्याचे कुणी ऐकले नाही.

आपला,
भांडुपचा एक रहिवासी

सोबत : भावाच्या सोसायटीची गेल्या महिन्याची टँकरची पावती.