बिल थकलं आणि पेशी मेल्या: मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

आमच्या दंतमहाविद्यालयातली द्रव नायट्रोजनची टाकी गेल्या आठवड्यात कोरडी पडली. पुरवठादाराचं बिल थकलं होतं, त्याने गाडी पाठवली नाही. उणे १९६ अंशांना जपलेल्या माझ्या पेशी मेल्या. ‘संशोधनाला पैसा कमी पडू देणार नाही,’ असं आपण आमच्याच सभागृहात म्हणाला होतात. मी समोर बसून टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या पेशी डेंटल फॉलिकलच्या होत्या. दात हाडात घडत असताना त्याच्याभोवती पातळ पिशवीसारखं आवरण असतं, ते हे. मुळावरचा कठीण थर म्हणजे सिमेंटम, दात हाडाला बांधणारे तंतू आणि खोबणीचं हाड ही तिन्ही त्यातल्या पेशींतून घडतात. दाताला वर यायची वाटही हेच आवरण करून देतं. कॅहिल आणि मार्क्स यांनी १९८० च्या दशकात कुत्र्यांवर दाखवलं, की आवरण काढलं तर दात उगवत नाही. आवरण ठेवून आत दाताऐवजी धातूची प्रतिकृती बसवली, तर तीसुद्धा वर येते! २००५ मध्ये मोर्सेक आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या अडकलेल्या अक्कलदाढांच्या फॉलिकलमधून या पूर्वज पेशी, म्हणजे ज्यांतून पुढे हे भाग घडतात त्या, वेगळ्या केल्या.

पायरियात नेमकी सिमेंटम, तंतू आणि हाड हीच तिन्ही झिजतात आणि आजच्या उपचारांनी क्वचितच पूर्ण भरून येतात. ओपीडीत चाळिशीतली माणसं हलणारे दात दाखवून विचारतात, ‘डॉक्टर, वाचेल का?’ त्यांच्यासाठी, एरवी पिवळ्या पिशवीतून कचऱ्यात जाणारं हे आवरण मी रुग्णांची लेखी संमती घेऊन गोळा करत होते.

संशोधक विद्यार्थ्यांची फेलोशिप २०२३ मध्ये महिना ३७,००० रुपये झाली, जाहिराती झळकल्या. माझ्या खात्यात कित्येक महिने दमडी नाही. भाडं भाऊ भरतो. पेशी वाढवायला लागणाऱ्या सीरमची बाटली मी आईने दिलेल्या पैशांतून आणली. बाबा दवाखान्यात होते तेव्हा पेशींचं पोषक माध्यम बदलायचं म्हणून मी गावी गेले नाही. रात्री वीज गेली की जनरेटर लागला का, हे बघायला हॉस्टेलवरून धावत यायचे. हे सगळं कोणत्या रकान्यात लिहू?

माझं मागणं एवढंच: नायट्रोजनचे पैसे वर्षाच्या सुरुवातीला आगाऊ द्या आणि फेलोशिप दरमहा द्या.

पण मला ठाऊक आहे, फाइल टेबलावरून हलणार नाही. २०२०-२१ मध्ये देशाने संशोधनावर जीडीपीच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च केला. २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने १ लाख कोटींची योजना मंजूर केली, तीही खासगी क्षेत्राला बळ द्यायला. सरकारी प्रयोगशाळेतल्या टाकीत नायट्रोजन कोणी भरायचा? इमारतींना निधी मिळतो, कारण कोनशिलेवर नाव कोरता येतं. पेशींवर कुणाचं नाव कोरता येत नाही.

आता कार्यालयाने ‘नमुने नष्ट का झाले’ याचा लेखी खुलासा माझ्याकडेच मागितला आहे. तो मी देणार नाही. तो आपण द्यावा, आणि ज्यांनी विश्वासाने संमतीपत्रावर सह्या केल्या त्या रुग्णांनाही द्यावा.

आपली,
एक दंतवैद्य, संशोधक विद्यार्थिनी