अर्धा तास थांबवणाऱ्या लॅबमधल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

डिचोलीहून आईला घेऊन आम्ही तुमच्या लॅबमध्ये आलो, तेव्हा बाहेर रांग लागलेली होती. चिठ्ठीवर 'प्लाझ्मा फ्री मेटानेफ्रिन' एवढंच, रक्ततपासणीचं नाव लिहिलेलं. तुम्ही आधी आईची सगळी औषधं विचारून घेतली, पॅरासिटामोलसुद्धा. मग शिरेत सुई बसवून ठेवली, अंगावर चादर घातली आणि म्हणालात, "मावशी, आता अर्धा तास नुसतं पडून राहायचं." रक्त घेतलंत ते त्यानंतर, त्याच सुईतून. नळी लगेच बर्फात.

त्या अर्ध्या तासाचं मोल आम्हाला नंतर बांबोळीच्या इस्पितळात डॉक्टरांनी समजावलं. माणूस बसलेला असला, सुईने दचकला, तरी यातला नॉरमेटानेफ्रिनचा (मेटानेफ्रिनच्याच जातीतल्या एका द्रव्याचा) आकडा वाढतो आणि नसलेला आजार असल्यासारखा दिसतो. आईचा आकडा मात्र पडून राहूनही कितीतरी पट जास्त आला, म्हणून शंकेला जागाच उरली नाही. सीटी स्कॅनमध्ये डाव्या मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीत गाठ सापडली. फिओक्रोमोसायटोमा.

त्याआधीचे दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो. चवथीला गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधताना तिचं डोकं एकाएकी ठणकू लागलं, छाती धडधडली, घामाने साडी भिजली. दवाखान्यात पोचेपर्यंत बीपी ठीक! "या वयात होतं असं," हे ऐकून आम्ही किती वेळा परतलो. ही गाठ अॅड्रिनॅलिनसारखी बीपी चढवणारी द्रव्यं मध्येच उसळून सोडते, पण त्यांच्यापासून बनणारी मेटानेफ्रिन गाठीच्या आत सतत तयार होत असतात. त्यामुळे झटका नसतानाही ही तपासणी आजार पकडते. पूर्वी चोवीस तासांची लघवी साठवून त्यात व्हीएमए (याच द्रव्यांपासून शेवटी बनणारं रसायन) तपासत, त्यात बऱ्याच गाठी निसटायच्या.

आधी काही दिवस बीपी आटोक्यात ठेवणाऱ्या अल्फा ब्लॉकरच्या गोळ्या, मग दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. आई आता बरी आहे.

असा आजार झालेल्या दर तीन रुग्णांमागे साधारण एकात तो जनुकातून आलेला असतो, म्हणून आईची जनुक चाचणीही झाली. तिच्यात एसडीएचबी जनुकाचा दोष निघाला, तेव्हा आम्हा भावंडांनाही तपासणी सांगितली आहे. माझ्यात तो दोष नाही. धाकट्याचा रिपोर्ट यायचाय. त्याच्यात निघालाच तर त्यालाही दरवर्षी मेटानेफ्रिन तपासावं लागेल, आणि त्याला मी तुमच्याकडेच पाठवणार आहे.

ताई, रिपोर्टवर तुमचं नाव नसतं. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. आमच्या घरातल्या सगळ्यांकडून तुमचे मनापासून आभार.