शेरूच्या चिपविषयी

लीड्स, इंग्लंड

तीर्थस्वरूप काकांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपल्या शेरू कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असताना ओळखीची चिप कशाला, असे आपण फोनवर विचारले होते. पट्टा तुटतो, निसटतो किंवा कोणी काढून टाकतो. कातडीखाली बसवलेली चिप मात्र जन्मभर सोबत राहते. तांदळाच्या दाण्याहून किंचित मोठी, साधारण १२ मिलिमीटर लांबीची ही काचेची कुपी पशुवैद्य जाड सुईने दोन खांद्यांच्या मध्ये टोचतात आणि त्यासाठी सहसा भूल द्यावी लागत नाही. तिच्यात बॅटरी नसते. स्कॅनर जवळ नेला की त्याच्याच लहरींतून मिळालेल्या शक्तीवर ती १५ अंकी क्रमांक कळवते. शेरू कुठे भटकतो आहे हे तिच्यामुळे मोबाइलवर दिसणार नाही. काकूंचा तसा समज झालेला दिसला, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

इंग्लंडमध्ये २०१६ पासून कुत्र्यांना आणि जून २०२४ पासून पाळीव मांजरांनाही चिप सक्तीची आहे. मुदत देऊनही ती बसवली नाही, तर ५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. मला मात्र या कायद्यातील दुसरे कलम अधिक मोलाचे वाटते, ते म्हणजे मालकाने आपला पत्ता व फोन चिप-क्रमांकांच्या नोंदवहीत अद्ययावत ठेवलाच पाहिजे. चिपमध्ये आपले नाव नसते, नुसता क्रमांक असतो. तो कोणाच्या नावे नोंदलेलाच नसेल, तर सापडलेले जनावर घरी पोहोचवणार तरी कसे?

आपण दिवाळीच्या सुमारास बडोद्याच्या दांडिया बाजारातले घर सोडून अलकापुरीला राहायला जाणार आहात. फटाक्यांनी बिथरलेला कुत्रा अनोळखी वस्तीत वाट चुकतो, किंवा जुन्या घराच्या ओढीने रहदारीत शिरतो, याची मला खरोखर काळजी वाटते. म्हणून चिप त्याआधीच बसवून घ्यावी. ती १३४.२ किलोहर्ट्झच्या आंतरराष्ट्रीय मानकाची, म्हणजे त्या मानकाच्या कोणत्याही स्कॅनरला वाचता येणारी आहे ना, क्रमांक कोणत्या नोंदवहीत जाणार आणि तेथील पत्ता बदलण्याची रीत काय, हे डॉक्टरांना आधी विचारावे. टोचण्यापूर्वी व नंतर स्कॅनरने क्रमांक वाचून दाखवण्यासही सांगावे. चिप क्वचित जागा सोडून सरकते, तेव्हा दरवर्षी लसीच्या वेळी ती पुन्हा तपासून घेतलेली बरी.

आणि पट्टा काढू नये. रस्त्यावरच्या भल्या माणसाकडे स्कॅनर नसतो. त्याला पट्ट्यावरचा फोन नंबरच उपयोगी पडेल. नोंदणी करताना दुसरा संपर्क म्हणून शेजारच्या ताईंचा नंबरही द्यावा, आणि क्रमांकाची चिकटपट्टी लसीच्या पुस्तिकेत लावून तिचा फोटो मला पाठवावा.

काकूंस सा. नमस्कार.

आपला पुतण्या