व्हिटवर्थ पाने मिळत नाहीत, तेव्हा

संपादक महोदय,

जुन्या बुलेट मोटारसायकलचे व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश इंची) मापाचे नट खोलायला इंदुरात आता पाने सहजी मिळत नाहीत. म्हणून अनेक कारागीर दिसेल तो मिलिमीटर पाना लावतात आणि नटाचे कोपरे गोल करून बसतात. व्हिटवर्थचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, पाना मात्र नटाच्या रुंदीला लागतो. तीन अष्टमांश इंचाच्या नटाला १८ मिमीचा पाना नेमका बसतो. पाच सोळांश इंचाचा नट १५.२४ मिमी रुंद, १५ चा अडतो, १६ चा घसरतो. अशा वेळी १५ चा जुना फिक्स (जबडा न सरकणारा) पाना घ्यावा, व्हर्नियरने (बारीक माप घेण्याच्या साधनाने) मोजत दोन्ही जबडे सारखे, थोडे थोडे ग्राइंडरवर घासावेत. दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवावा. पोलाद निळे पडले की त्याचे पाणी (कडकपणा) उतरते, जबडा फाकतो! पाव इंचाला (१३.३४ मिमी) १३ चा असाच वाढवावा. कृपा करून अशा नटांवर पाइप पाना लावू नका.

– एक दुचाकी कारागीर, इंदूर